एकोणीस नंबरची सहल

१

जहाजावर तिला सगळे सहलबाई म्हणायचे. खरं नाव छातीवरच्या पट्टीवर होतं, पण ते वाचायची तसदी कोण घेतो? पाचव्या मजल्यावर, काचेच्या दोन लिफ्टच्या मधोमध तिचं काउंटर होतं. जहाज बंदराला लागलं की तिथून दिवसाला आठ-नऊशे माणसं ती किनाऱ्यावर पाठवायची. कुणाला किल्ला बघायचा असे, कुणाला बाजार, कुणाला तळाशी काच बसवलेल्या बोटीतून मासे. प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराचं गोल स्टिकर चिकटवायचं, हातात पाण्याची बाटली द्यायची, आणि संध्याकाळी सगळी परत आली की नाही ते मोजून घ्यायचं.

स्वतः ती मात्र चार महिने जहाजावरून उतरलेली नव्हती. किल्ल्याला पायऱ्या किती, बाजारात सावली कुठे मिळते, कुठल्या बसच्या संडासाची कडी लागत नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं. पाहिलेलं काहीच नव्हतं. लोक एकच प्रश्न हजार तऱ्हांनी विचारत, "फार चालावं लागतं का हो?" आणि ती हसून सांगे, "छे, अगदी थोडं." पहिल्या फेरीत ते हसू आपसूक यायचं. आता गणवेशाबरोबर सकाळी चढवावं लागे, आणि दुपारनंतर ते कुठेकुठे काचायला लागे.

बंदर नसलेले दिवस तेवढे तिचे. त्याला जहाजावर समुद्रदिवस म्हणत. लोक पोहायच्या तलावाभोवती लोळत, मालिश करून घेत, वाफेच्या खोलीत बसत, नाचाच्या वर्गात एकमेकांचे पाय तुडवत. सहलबाईने फक्त पुढच्या बंदराची पत्रकं मांडून बसायचं. या फेरीत असे तीन दिवस सलग होते, आणि त्या तीन दिवसांकडे ती महिनाभर डोळे लावून बसली होती.

पहिल्या समुद्रदिवशी बाराच्या सुमारास आंघोळीचा पांढरा झगा घातलेला एक जाडा गृहस्थ काउंटरपाशी आला, छातीवरचं स्टिकर सोलून त्याने पुढ्यात चिकटवलं आणि म्हणाला, "छान होती हं सहल. मस्त."

"थँक यू," ती सवयीने म्हणाली. तो लिफ्टमध्ये शिरल्यावर तिची नजर स्टिकरवर गेली. एकोणीस.

तिच्याकडचे नंबर अठरापर्यंतच होते. स्टिकरंच तेवढी छापून यायची.

कालचं असेल, तिने स्वतःची समजूत घातली. काल किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्या कंपनीबरोबर गेला असेल आणि झोपताना काढायचं राहिलं असेल. पण झगा तर आजचा होता, कडक इस्त्रीचा. झोपून उठलेला माणूस छातीवरचं स्टिकर काढून नव्या झग्यावर पुन्हा कशाला चिकटवेल?

तिने ते नखाने खरवडून टोपलीत टाकलं. दमलेल्या माणसाला फार विचार करायचा कंटाळा असतो.

२

थोड्या वेळाने पोस्टमनकाका आणि काकू आले.

हे जोडपं फेरी सुरू झाल्यापासून तिच्या ओळखीचं झालं होतं. काकांनी छत्तीस वर्षं पायी टपाल वाटलेलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलाने दोघांना सोनेरी पास काढून दिला होता: रोज मालिश, जेवायला रांग नाही, झग्यावर नाव विणलेलं, बंदराला उतरताना सगळ्यांत आधी मान. काकूंना त्याचं कोण कौतुक. काका एकदा सहलबाईला हळूच म्हणाले होते, "मला सारखं वाटतं, हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावरचं आहे आणि चुकून माझ्या दारात टाकलंय." त्यांचे गुडघे पार गेले होते. पहिल्या बंदरात बसच्या दोन पायऱ्या चढताना त्यांना घाम फुटला, त्यानंतर ते उतरलेच नव्हते.

आज मात्र ते काठी काखेत धरून आले. टेकत नव्हते.

"बाई, उद्यासुद्धा एकोणीस नंबर आहे ना?" काकूंनी विचारलं. "आमची दोघांची नावं आत्ताच लिहून ठेवा. ह्यांना इतकं बरं वाटलं तिथे, काय सांगू!"

"कुठे, काकू?"

"अहो, सकाळच्या सहलीला. दहाची."

सहलबाईने हसू जागेवर ठेवलं. "काकू, आज आपण समुद्रात आहोत. चहूकडे पाणी आहे. आज सहल कुठली?"

काकूंनी चेष्टा समजून तिच्या हातावर चापट मारली. "तिसऱ्या मजल्यावरून नाही का सुटत? त्या लोखंडी दारातून. बस अगदी दाराला लागलेली असते, चढायचेसुद्धा कष्ट नाहीत."

"आणि तिथे काय दाखवतात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर काकांनी दिलं, शोधून शोधून.

"बघण्यासारखं काहीच नाही तिथे. बाकं आहेत. बसायचं." मग जरा ओशाळून म्हणाले, "जन्मभर ज्या दारात गेलो तिथे उभाच राहिलो हो मी. बसा म्हणणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं."

"कुणी म्हटलं बसा?"

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या आणि पुसल्याही गेल्या. "म्हटलं बुवा कुणीतरी," ते म्हणाले.

३

दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. बंदरात असताना याच दारातून सगळी उतरायची. तेव्हा तिथे थंड टॉवेल आणि सरबताचे पेले घेऊन पोरी उभ्या असत, कार्ड लावलं की टुंग आवाज येई. आता लांबलचक बोळ रिकामा होता. दाराचे चारही अडसर घट्ट बसलेले होते आणि पहारेकरी खुर्चीत कोडं सोडवत बसला होता.

"आज हे दार उघडलं होतं का?"

"मध्यसमुद्रात?" तो हसला. "उघडलं तर तुम्ही, मी आणि हा गालिचा, तिघंही माशांच्या पानात."

ती हसली, आणि जाता जाता उगाच दाराला कान लावला. लाटांचा आवाज असायला हवा होता. पलीकडे बारीक घरघर चालू होती, मधूनच एक उचकी आणि पुन्हा घरघर. चार महिने रोज सकाळी धक्क्यावरच्या बसगाड्यांच्या घरघरीवर तिची झोप मोडत आली होती. उतारूंची वाट बघत उभ्या असलेल्या बसचं इंजिन तिला झोपेतही ओळखता आलं असतं.

जनरेटर असेल, ती मनाशी म्हणाली. एवढ्या मोठ्या जहाजात काहीतरी घरघरणारच.

खाली त्यांच्या खोलीत तिची सोबतीण हाताला तेल चोळत बसली होती. ती मालिश करायची, त्यामुळे सगळे तिला मालिशवाली म्हणत. सहलबाईपेक्षा आठ-दहा वर्षांनी धाकटी, बोलायला फटकळ.

"ताई, तुझ्या सहलीला गेलेली आज सहा जणं आली माझ्याकडे," ती म्हणाली. "पाय बघितलेस का त्यांचे?"

"मी कशाला लोकांचे पाय बघू?"

"मला बघावे लागतात. त्या पोस्टमनकाकांच्या टाचा परवा माझ्या हाताला लागत होत्या, इतक्या भेगा. आणि आज..." तिने आपला अंगठा तळहातावर फिरवला. "आज काही नाही. एक घट्टा नाही, रेघ नाही. तान्ह्या बाळाचा तळवा कसा असतो? जमिनीला कधी लागलेलाच नाही, तसा. सहाही जणांचे."

"वाफेत बसले असतील खूप वेळ."

"वाफेने घट्टे मऊ होतात, ताई. जात नाहीत." मग तिने आवाज उतरवला. "मला बघवेना. वरून टॉवेल टाकून मालिश केलं मी."

४

दुसऱ्या दिवशी आठला काउंटर उघडायच्या आत तिच्यापुढे रांग लागली होती. पन्नास-साठ माणसं, सगळी झग्यात. कुणी घाई करत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. तिच्या अख्ख्या नोकरीत अशी गुणी रांग तिने पाहिली नव्हती. जो येई तो एवढंच म्हणे, "एकोणीस."

"अशी सहल नाहीये आपल्याकडे," ती प्रत्येकाला सांगत होती. ते मान डोलावत, थँक यू म्हणत आणि जिन्याने खाली जात. नाव लिहून घेतल्यासारखे खूश.

मॅनेजर अभिप्रायांची कार्डं फडकवत आला. तो चांगला माणूस होता, फक्त त्याला कार्डांपलीकडचं जग दिसत नसे.

"अहो सहलबाई, कमाल केलीत! एकोणीस नंबरला सगळ्यांनी पाचपैकी पाच तारे दिलेत. सगळ्यांनी!"

"साहेब, एकोणीस नंबर अस्तित्वात नाही."

"पाच तारे मिळालेत. अस्तित्वाचं मागाहून बघू."

"मी गंमत करत नाहीये. ही माणसं कुठे जातात तेच मला ठाऊक नाही."

"कुणीतरी खाली गोष्टी सांगत असेल, दिवे मंद करून बसवत असेल. चालू दे ना! परत येतायत ना सगळी?"

परत तर येत होती. दहाला खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं तिने ठरवलं होतं, पण मॅनेजर पुढच्या बंदराच्या याद्या घेऊन ठाण मांडून बसला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली, आणि काचेच्या लिफ्टच्या आसपास इतकी शांतता पसरली की मॅनेजरनेही मान वर करून पाहिलं.

पावणेबाराला माणसं वर यायला लागली. ताजीतवानी, गालांवर लाली. एकेक स्टिकर काढून काउंटरवर ठेवत होती. सगळ्यांच्या शेवटी काकू आल्या. एकट्याच. त्यांच्या हातात काकांची काठी होती.

"काका कुठेत?"

"ते राहिले," काकू म्हणाल्या. "म्हणाले, मी बसतो जरा, तू हो पुढे. मला म्हणाले, काठी घेऊन जा, इथे लागत नाही." आणि मग, आत्ताच लक्षात आल्यासारखं, त्यांनी सहलबाईकडे पाहिलं. "मी बसायला हवं होतं का हो त्यांच्याजवळ? जागाच नव्हती पण."

५

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. काकांच्या नावाचा पुकारा झाला. आठशे केबिनी उघडून पाहिल्या, कपडे धुवायच्या टोपल्या उपसल्या, बोटींवरची आच्छादनं काढली. जहाज वळलं आणि आल्या वाटेने मागे जाऊन अंधार पडेपर्यंत घिरट्या घालत राहिलं. त्यापायी पुढचं बंदर काही तास लांबलं. जेवणाच्या दालनात लोक कुरकुरले. झगेवाले मात्र कुरकुरले नाहीत. उद्या आणखी एक समुद्रदिवस आहे, एवढंच ते आपापसांत बोलत होते.

सुरक्षाप्रमुखाने सहलबाईला कॅमेऱ्यातलं चित्र बघायला बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरचा बोळ. दहाला पाच कमी असताना माणसं दोन-दोनच्या ओळीत आली आणि दारापाशी थांबली. पुढे कुणी नव्हतं. काका-काकू चौथ्या ओळीत होते.

"हे काय करतायत ते बघा," तो म्हणाला. "मला कळत नाही."

पहिल्या ओळीतल्या माणसाने मान किंचित खाली केली. मग त्याच्या शेजारणीने. मग दुसऱ्या ओळीतल्याने. एकामागून एक, शेवटपर्यंत. जणू वाऱ्याची झुळूक सावकाश त्या ओळीवरून गेली.

सहलबाईला कळलं. बसमध्ये चढून बोटाने डोकी मोजायला लागलं की माणसं अशीच मान लववतात. न सांगता. आपल्यावर बोट आलं, आपण मोजले गेलो, झालं.

"मग?" तिने विचारलं.

"मग पावणेदोन तास कॅमेऱ्यात नुसता बोळ आहे. आणि दार बंदच आहे, तुम्हीच बघा. आपला माणूस खुर्चीत बसलेला आहे."

पहारेकरी खुर्चीत होता खरा. हनुवटी छातीला टेकवून इतका गाढ झोपला होता, की कित्येक वर्षांनी कुणीतरी त्याला निज म्हणून सांगितलं असावं.

६

तिसऱ्या दिवशी नऊला ती काकूंच्या केबिनमध्ये गेली. काकू तयार होऊन बसल्या होत्या. झगा घालून, केस नीट विंचरून. उशीवर मुलासाठी लिहिलेली चिठ्ठी होती.

"काकू, आज कुठे जायचं नाही. मी तुमच्याजवळ बसते. उद्या तुमचा मुलगा येतोय."

"येऊ दे ना. चिठ्ठी ठेवलीय." काकूंचा आवाज अगदी घरगुती होता. "तुम्ही घाबरू नका हो. मी काही मरायला चालले नाही. बसायला चालले आहे."

"आणि जागा नसली तर?"

"ते धरून ठेवतील माझ्यासाठी. पन्नास वर्षांत कधी विसरलेत?"

सहलबाईने पहिल्यांदा समजावलं, मग रागावली, मग हात जोडले. मॅनेजरला फोन केला, तो उचलला गेला नाही. दहाला दहा कमी असताना काकू उठल्या. सहलबाईने त्यांचं मनगट धरलं, आणि काकूंनी ते सोडवलं नाही. तसंच धरू देऊन त्या चालायला लागल्या. म्हाताऱ्या बाईला जमिनीवर पाडून तर धरता येत नव्हतं. जिने उतरून दोघी त्या बोळात येऊन पोचल्या.

ओळ उभी होती. पहारेकरी झोपलेला होता. माना लवायला लागल्या. ओळीत ती झुळूक पुढून मागे येत होती आणि सहलबाई पुढ्यातल्या मानांकडे पाहत उभी होती. काकूंची मान लवली. मग तिला जाणवलं की आपलीही मान खाली गेली आहे.

चार महिने ती रोज आठ-नऊशे माणसं मोजत आली होती. तिला कुणी मोजलं नव्हतं. मान लवली तेव्हा तिला जे वाटलं, ते भीतीसारखं अजिबात नव्हतं.

दार उघडल्याचं तिने पाहिलं नाही. ते उघडं होतं, एवढंच. समुद्राचा उजेड डोळ्यांवर यायला हवा होता, तो आला नाही. आतला उजेड एखाद्या प्रतीक्षालयातल्या दुपारच्या उजेडासारखा होता, मळकट आणि न हलणारा. ओळ आत गेली. काकूंचा एक पाय आत पडला. त्यांच्या मनगटाबरोबर सहलबाईचा हातही आत गेला, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत त्या हाताचा शीण उतरला. तो इतका असेल याची तिला कल्पना नव्हती. उरलेलं सगळं अंग एकदम शिशासारखं जड झालं.

बाकं दिसली. एकामागे एक, पार मागे कुठवर ते कळत नव्हतं. माणसं पाठमोरी बसलेली होती. कुणी बोलत नव्हतं, कुणी कशाकडे बघत नव्हतं. दुसऱ्या बाकावर टोकाला काका होते, अनवाणी. त्यांनी वळून पाहिलं नाही. आवाज ऐकल्यासारखे ते जरासे बाजूला सरकले. एका माणसापुरते.

सहलबाईने काकूंना दोन्ही हातांनी ओढलं. सगळी ताकद लावून. काकू तिच्या अंगावर येऊन कोसळल्या आणि दोघीही गालिच्यावर पडल्या. डोकं वर केलं तेव्हा दाराचे चारही अडसर जागच्या जागी होते.

पावणेबाराला बाकीचे सगळे वर आले. ताजेतवाने, गालांवर लाली.

७

चौथ्या दिवशी जहाज बंदराला लागलं. काकूंचा मुलगा आला. उंच, गोंधळलेला, वडिलांच्या चपला हातात घेऊन उभा. उतरताना काकू सहलबाईच्या काउंटरपाशी थांबल्या.

"तुम्हाला काय अधिकार होता?" त्यांनी विचारलं.

"आई, चल ना," मुलगा म्हणाला. मग सहलबाईकडे वळला. "तिला कळत नाहीये. तुम्ही आईचा जीव वाचवलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

सहलबाईने मान खाली घातली. त्याला वाटलं, संकोच वाटतोय. काकूंना मात्र काय ते कळलं असावं, कारण त्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. जीव वाचवायचा विचार त्या क्षणी तिच्या मनात आलाच नव्हता. बाकावर एकच जागा झाली होती, आणि ती काकूंना मिळणार, एवढंच तिला दिसलं होतं. जागेसाठी ओढलं होतं तिने. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला मागे खेचून.

मुलगा आईला घेऊन गेला. दुपारी मॅनेजर आला आणि चक्क काउंटरच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

"सहलबाई, तुम्ही फार सोसलंत," तो म्हणाला. "वरून परवानगी आणलीय मी. इथेच उतरा, घरी जा. महिनाभर विश्रांती घ्या. बदली माणूस मिळालाय."

"नको, साहेब."

"अहो, आरशात बघा जरा स्वतःकडे. किती दमलायत!"

"हो," ती म्हणाली. तिने पुढच्या फेरीची पत्रकं ओढून घेतली आणि एकेक नीट मांडायला लागली. ज्या हाताने ती मांडत होती तो हात दमलेला नव्हता.

"पुढच्या फेरीत," तिने मान वर न करता विचारलं, "समुद्रदिवस किती आहेत?"